वॉकी-टॉकीवाल्याने आमच्या वाडीचे १ लाख ३६ हजार नेले, तुमच्या गावात आला तर आधी हे वाचा

आमची वाडी चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठीच्या काठाला. २०२१ च्या जुलैतली २१-२२ ची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. लाईट गेली, मग मोबाईलचं नेटवर्क गेलं, पाणी चढत होतं आणि खालच्या घरांना कळवायचं कसं तेच समजेना, शेवटी दोन पोरं भर पावसात धावत गेली आणि दारं बडवून माणसं उठवली म्हणून सगळे वर आले. तेव्हापासून गावकीत आणि आमच्या महिला मंडळात एकच विषय होता, नेटवर्क नसलं तरी एकमेकांशी बोलता येईल असं काहीतरी वाडीत पाहिजे.

ही आमची गरज त्या माणसाने बरोबर हेरली. शिमगा झाला आणि पंधरा दिवसांत तो आला, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, आपत्कालीन रेडिओ क्लबचा जिल्ह्याचा समन्वयक आहे म्हणाला. बोलायला इतका गोड की काका-काकू करत सगळ्यांच्या घरचा चहा प्यायला. १२ वॉकी-टॉकी सेट, एका सेटला ६,५०० रुपये, वर माणशी १,५०० रुपये लायसन्स फी, म्हणजे ९६ हजार. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी पाठवली, काही कॅश दिली, काही यूपीआयने. मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो त्यामुळे पैसे माझ्या हातून गेलेत आणि ते मला फार लागलंय.

आता डेमो कसा दिला ते नीट वाचा, कारण खरी फसवणूक तिथेच झाली. तो आम्हाला सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, घेऊन गेला, एक सेट आमच्या पोराकडे दिला आणि दुसरा घेऊन स्वतः बाईकवरून समोरच्या सड्यावर गेला, मध्ये पाच-सहा किलोमीटर असतील. आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा स्वच्छ आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बॉक्सवर २० किमी छापलेलं होतंच. खाली नदीकडे जाऊन बघूया असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लगेच तो म्हणाला की सड्यावर रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र, बसवला की खाडीपर्यंत बोलता येईल, त्याचे ४० हजार ॲडव्हान्स घेतले, आणि तो माणूस परत दिसला नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा आम्ही सेट काढले. मी शाळेच्या ओट्यावर उभी आणि खालच्या घरातून वहिनी बोलत होत्या. अंतर दीड किलोमीटरसुद्धा नाही पण मध्ये डोंगराची सोंड येते. बटण दाबून मी चार वेळा हॅलो हॅलो केलं, सोडलं की नुसती खरखर. दोनदा अर्धा शब्द आला, "...काकू पा..." आणि परत खरखर. ज्या घरांसाठी एवढं केलं तिथंच आवाज पोचेना.

गणपतीला पुण्याहून भाचा आला, त्याने इंजिनीअरिंग करताना हॅमची, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांची, परीक्षा दिलीय. मी त्याला आमची "लायसन्स" दाखवली, रंगीत लॅमिनेट केलेली, वर अशोकस्तंभ, प्रत्येकाच्या नावापुढे एमएच ने सुरू होणारा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव. तो बघूनच म्हणाला, "मावशी, आपल्याकडच्या हॅमचा कॉल साइन व्हीयू ने सुरू होतो. आणि तुम्ही परीक्षा कधी दिलीत?" कुणीच दिली नव्हती. त्याने सांगितलं की हॅमचं लायसन्स दिल्लीच्या दूरसंचार विभागाकडून, म्हणजे त्यांच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतं, लेखी परीक्षा असते, वरच्या ग्रेडला मोर्सपण (टिंब-रेघांची संकेतभाषा), अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा, फी २० वर्षांना १,००० रुपये. आणि ते ज्याच्या नावाचं त्याचंच असतं, क्लबचे मेंबर झालात म्हणून कुणी सेट हातात घेऊन बोलू शकत नाही.

मग त्याने सेट चालू केला, स्क्रीनवर ४६२ ने सुरू होणारा फ्रिक्वेन्सीचा आकडा होता. आपल्याकडे सामान्य माणसाला लायसन्सशिवाय वापरता येणारे कमी पॉवरचे सेट असतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवाले, आणि त्यांनासुद्धा ईटीए नावाची सरकारी मंजुरी लागते. आमच्या एकाही सेटला ती नव्हती. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर विनापरवाना सेट घरात ठेवण्याचा गुन्हा आमच्याच डोक्यावर. हे ऐकून माझे हातपाय गार पडले. डोंगराचं पण त्यानेच समजावलं, या लहरी साधारण सरळ जातात, सड्यावरून सड्यावर दिसतं म्हणून आवाज जातो, सोंडेआड नाही जात. आणि रिपीटर पण मनाला येईल तिथे बसवता येत नाही, त्याची परवानगी वेगळी.

आम्ही तालुक्याच्या पोलीस स्टेशनला अर्ज दिलाय, सेट, ती कागदं आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट जमा केलेत. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोपर्यंत चार-पाच महिने उलटून गेले होते, पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला करा, तेव्हा रक्कम अडवली जायची शक्यता असते. ऑनलाइन घेतलेल्या सेटची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला करता येते, मे २०२५ मध्ये वॉकी-टॉकी ऑनलाइन विकणाऱ्यांवर केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने नियमपण लावलेत.

त्याचा फोन बंद आहे, पण खाडीपलीकडच्या एका गावात असाच माणूस येऊन गेल्याचं परवा कानावर आलं. तुमच्याकडे कुणी आला तर त्याला सड्यावर नेऊ नका. तुमच्या गावातलं सगळ्यात खालचं घर, जिथे पहिलं पाणी शिरतं, तिथे त्याला उभा करा आणि शाळेतून हाक मारायला सांगा. पैशाचं बोलणं त्याच्यानंतर.