तीन कप्प्यांची प्लास्टिक-पेटी: बांधणी उत्तम, झाकणावरचा तक्ता सदोष

घरातील प्लास्टिक वेगळे साठवण्यासाठी घेतलेली ही पेटी आता आमच्या रोजच्या वापरात चांगली रुळली आहे. बाटल्या, टणक डबे आणि पातळ पिशव्या यांना स्वतंत्र कप्पे आहेत. ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे, कारण वर्गीकरण केंद्रातील यंत्राच्या फिरत्या भागांभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळले गेले की यंत्र बंद करून ते हाताने कापून काढावे लागते. बाटल्यांच्या कप्प्याला तळाशी जाळी असल्यामुळे विसळलेल्या बाटलीतले पाणी खालच्या ताटलीत निथळते आणि दुर्गंधी येत नाही. पिशव्यांचा कप्पा मात्र लहान पडतो.

माझा खरा आक्षेप आहे तो झाकणावर छापलेल्या तक्त्याला. त्रिकोणी खूण असलेली प्रत्येक वस्तू पेटीत टाकावी, असे त्यावर सांगितले आहे आणि ते साफ चुकीचे आहे. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणलेले, या खुणेतील १ ते ७ हे क्रमांक वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे एवढेच सांगतात. तिच्यावर पुनर्प्रक्रिया होईलच, याची हमी त्यांत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे १ क्रमांकाचे पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) आणि ३ क्रमांकाचे पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) या तक्त्यात एकाच कप्प्यात दाखवले आहेत. दोन्ही पारदर्शक असू शकतात, दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे तरंगणारे आणि बुडणारे प्लास्टिक निवडणाऱ्या पाण्याच्या टाकीत ती वेगळी होत नाहीत. आणि पेट वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू बाहेर पडतो, तेव्हा थोडेसे पीव्हीसीदेखील पेटचा मोठा साठा खराब करू शकते. बाटलीचे झाकण बहुधा पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकचे असल्याने त्याची एवढी अडचण होत नाही, तरी ते लावून द्यायचे की काढून, हे आपले प्लास्टिक नेणाऱ्यालाच विचारावे.

शाम्पूच्या बाटलीचा दाबायचा पंपही तक्त्यात बाटलीसोबतच दाखवला आहे. असा एक पंप उघडून पाहिला, तर आत पोलादी स्प्रिंग निघाली. आतून चंदेरी असलेल्या बहुस्तरीय पाकिटांचा तर तक्त्यात उल्लेखच नाही. त्यांचे थर सहसा सुटे करता येत नाहीत, म्हणून पिशव्यांच्या कप्प्यात ती टाकू नयेत.

पेटी घ्यायला माझी हरकत नाही. तक्ता तेवढा झाकून टाकावा. या पेटीचे झाकण सुटे मिळते, तेव्हा उत्पादकांनी दुरुस्त तक्ता छापून ते जुन्या ग्राहकांनाही विनामूल्य बदलून द्यावे.