माशाचं वजन: नुसत्या लांबीवरून की घेरही मोजून?

मासा परत पाण्यात सोडायचा असेल तर त्याला वजनकाट्याला टांगायला माझं मन घेत नाही. मग उरतो अंदाज. एक तर नुसती लांबी मोजून त्या जातीच्या कोष्टकात वजन बघायचं, नाही तर लांबी आणि घेर दोन्ही मोजून सूत्रात घालायचे. मी दोन्ही करून पाहिलंय.

घेराची रीत कागदावर सरस आहे. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले २९. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर ग्रॅममध्ये. (इंच-पौंडात हाच भाजक ८००.) गाभोळी भरलेली मादी आणि अंडी टाकून रिकामी झालेली मादी लांबीला सारख्याच भरतील, फरक कळतो तो घेरातच.

पण तो घेर घ्यायचा कसा? टेप पोटाखालून काढायला मासा उचलावा लागतो. तो उसळतो, टेप पाठीच्या पराला अडकते, अंगावरचा बुळबुळीत थर आपल्या तळहाताला लागून येतो. एकदा एकाच माशाचा घेर तीनदा घेतला: ३४, ३५, ३७. लांबी तिन्ही वेळा ५८. सूत्राप्रमाणे ३४ ला २.३ किलो, ३७ ला २.७ किलो. मासा तोच! घेराचा वर्ग होतो, त्यामुळे टेप जरा सैल पडली की चूक दुप्पट होते. आणि एवढा वेळ तो बिचारा पाण्याबाहेर कल्ले उघडमीट करत होता. तेव्हापासून माझं मन त्या टेपवरून उडालं.

लांबीला मापाच्या खुणा असलेली ओली फळी पुरते. तोंड टोकाला टेकवा, आकडा वाचा, सोडून द्या. वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. नेमके जातवार आकडे फिशबेस या माशांच्या माहितीच्या संकेतस्थळावर मिळतात. इथे लांबीतली चूक तिप्पट होते हे खरं, पण फळीवर ती फारशी होत नाही. फक्त एक बघा: कोष्टकातली लांबी शेपटीच्या टोकापर्यंतची आहे की मधल्या खाचेपर्यंतची? तिथे १० टक्क्यांची गफलत झाली तर वजन तब्बल एक तृतीयांशाने चुकतं.

मासा चांगलाच पोटाळ असेल आणि धरायला सोबत कुणी असेल, तर घेर घ्यायला हरकत नाही. एकटा असलो की मी तरी फळीच नेतो.