२००८चं संकट शिकवायला कोणता सिनेमा लावावा?

पुण्यातल्या कॉमर्स कॉलेजात २००८च्या, म्हणजे अमेरिकेतल्या बुडीत गृहकर्जांतून पेटलेल्या, आर्थिक संकटावर तास घ्यायचा म्हटला की तीन नावं पुढे येतात: ‘द बिग शॉर्ट’ (२०१५), ‘मार्जिन कॉल’ (२०११) आणि ‘इनसाइड जॉब’ (२०१०). तिन्ही पावणेदोन तासांहून मोठे. अख्खा सिनेमा लावला तर हजेरी भरते, वह्या कोऱ्या राहतात. दहा-बारा मिनिटांचा तुकडा निवडा.

‘बिग शॉर्ट’ मुलांना सर्वांत आवडतो, आणि गोंधळही त्यातच जास्त. न खपलेली मासळी रश्श्यात ढकलणारा शेफ सीडीओची, म्हणजे अनेक कर्जं एकत्र बांधून थराथरांत विकलेल्या रोख्यांची, कल्पना झटक्यात पोचवतो. पण तिथेच थांबलात तर उत्तरपत्रिकेत ‘सीडीओ म्हणजे फसवणूक’ एवढंच येतं. लगेच फळ्यावर तीन थर काढा: हप्ते बुडाले की आधी तळाचा थर मरतो, मग मधला, वरचा शेवटी. मधल्या थरांचेच तुकडे पुन्हा एकत्र बांधून त्यातल्या बऱ्याचशा भागाला ‘ट्रिपल ए’ हे सर्वांत सुरक्षिततेचं मानांकन मिळवलं जाई. खरी गोम ही. शिव्या आणि काही दृश्यं अडचणीची आहेत, वेळा आधी टिपून ठेवा.

‘मार्जिन कॉल’मध्ये गृहकर्जं का बुडाली हे जवळजवळ नाहीच. कर्जावर उभ्या धंद्याची तरफ, म्हणजे थोड्या भांडवलावर उचललेलं मोठं कर्ज, मात्र याच्याइतकी कुणी दाखवत नाही. रात्रीच्या बैठकीआधी हे गणित द्या: मालमत्ता १००, कर्ज ९७, स्वतःचं भांडवल ३. भाव ४ टक्के पडले तर? एम.कॉम.ला आमची पसंती यालाच.

पहिल्या वर्षाला ‘इनसाइड जॉब’ बरा. आइसलँडपासून सुरुवात, मग सैल झालेले नियम, पतमानांकन संस्था, मानधन घेणारे प्राध्यापक, असा क्रम नीट लागतो. मुलाखती वेगवान इंग्रजीत आहेत, सबटायटल्स हवीतच.

तिघांतही ठेवीदार जवळपास अदृश्य. पुण्यातल्या मुलांना संकट म्हणजे २०१३ला रुपी या सहकारी बँकेवर आलेले निर्बंध आणि २०२२ला रद्द झालेला परवाना. त्यासाठी ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधला (१९४६) पैसे मागायला आलेल्या गर्दीचा प्रसंग लावा, तुमचा पैसा तिजोरीत नाही, शेजाऱ्याच्या घरात आहे, असं नायक सांगतो. मग विचारा: एकाच बँकेच्या दोन शाखांत, एकाच नावावर चार-चार लाख आहेत, बँक बुडाली तर ठेवींवरच्या विम्याचे किती लाख मिळतील? बरीच मुलं आठ म्हणतील. उत्तर पाच लाख, तेही व्याज धरून.