वॉशिंग्टन राज्याची टपाली मतदान सेवा: सोय उत्तम, पण सही आणि शिक्का सांभाळा

गव्हर्नरच्या (राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाच्या) निवडणुकीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचे बहुतेक मतदार घरी बसूनच मत देतात. मतदानाच्या १८ दिवस आधी मतपत्रिका टपालात पडते. परतीच्या पाकिटाला तिकीट लागत नाही. पाकीट पोचलं का, स्वीकारलं गेलं का, हे राज्याच्या संकेतस्थळावर दिसतं. पाचपैकी चार गुण नक्की.

एक गुण कापला तो मुख्यतः सहीमुळे. सही मतपत्रिकेवर नाही, पाकिटावरच्या प्रतिज्ञेखाली करायची. ती नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. करायची राहिली, वयापरत्वे बदलली किंवा घरातल्या दोघांच्या पाकिटांची अदलाबदल झाली, की पाकीट बाजूला निघतं. मग काउंटीकडून (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडून) पत्र येतं. काउंटीचा निकाल मतदानानंतर २१ व्या दिवशी प्रमाणित होतो. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत दुरुस्ती चालते. ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका, एवढंच.

टपालाच्या शिक्क्याचंही तसंच. तो मतदानाच्या तारखेचा किंवा आधीचा हवा. मतदानाच्या दिवशी डब्यातली टपालं उचलून नेल्यावर पाकीट टाकलं तर शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडतो आणि मत बाद होतं. शेवटच्या आठवड्यात सरळ मतपेटी (मतपत्रिकेचं पाकीट टाकायची पेटी) गाठावी. ती मतदानाच्या दिवशी रात्री ८ ला बंद होते.

निकालाची घाई असणाऱ्यांची मात्र इथे निराशाच होईल. पहिल्या रात्रीचा आकडा अर्धवट असतो, पुढे कित्येक दिवस भर पडत राहते.

सहीची किंमत २००४ च्या गव्हर्नर निवडणुकीत कळली. सुमारे २८ लाख मतांत रिपब्लिकन पक्षाचे डिनो रॉसी आधी २६१ मतांनी पुढे होते, यंत्राच्या फेरमोजणीत ४२ नी. हाताने मोजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टीन ग्रेगवार १२९ मतांनी गव्हर्नर झाल्या. किंग काउंटीत शेकडो मतपत्रिका केवळ संगणकात सही सापडली नाही म्हणून चुकून बाद ठरल्या होत्या. कागदी नोंदणी कुणी पाहिलीच नव्हती. त्या हातमोजणीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाने सुमारे ७,३०,००० डॉलर भरले होते. निकाल फिरला तर फेरमोजणी मागणाऱ्याला खर्च द्यावा लागत नाही, हा नियम मात्र चोख आहे.