आईसाठी बीपी मशीन घेतलं, सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून

मशीन घ्यायचं असेल तर आधी टेप घ्या आणि दंड मोजा. कंपनी, ब्लूटूथ, अ‍ॅप हे सगळं नंतर बघा. पट्टा दंडाला बसला नाही तर महागातलं मशीनसुद्धा चुकीचा आकडा दाखवणार, आणि ऑनलाइन घेताना ही माहिती कुठेतरी खाली बारीक अक्षरात असते, कोण बघतंय.

आईला बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. दवाखान्यात गेलं की वरचं 160 च्या पुढे, आणि शेजारच्या काकूंच्या मशीनवर तर त्याहून जास्त यायचं. डॉक्टर म्हणाले गोळी वाढवायच्या आधी आठवडाभर घरी नीट मोजा, वहीत लिहा आणि मला दाखवा. हे मला फार पटलं, कारण बऱ्याच लोकांचं बीपी डॉक्टरांसमोर बसल्यावरच चढतं, आणि काहींचं उलटं असतं, तिथे नॉर्मल आणि घरी जास्त. एका आकड्यावर कुणाची गोळी ठरू नये.

दुकानातल्या काकांनी किंमत सांगायच्या आधी टेप काढली. आईचा हात कोपरात दुमडायला लावला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध खूण केली आणि तिथे दंड मोजला, 35 सेंमी भरला. "ताई, आईंना नेहमीचा पट्टा नाही चालायचा, तो 22 ते 32 ला असतो, तुम्ही 22 ते 42 वाला न्या." पट्टा लहान पडला की आकडा उगाच जास्त येतो, काकूंच्या मशीनवर बहुतेक तेच होत होतं. मग आईला पाच मिनिटं खुर्चीवर शांत बसवलं, मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती तरी घाई केली नाही, आणि दोन्ही हातांवर मोजून दाखवलं. ज्या हातावर जास्त येतं तोच हात कायम धरायचा म्हणाले. मी मनगटाचं मशीन बघत होते, सुटसुटीत दिसतं म्हणून, पण त्यात हात हृदयाच्या पातळीला धरला नाही तर आकडा लगेच वरखाली होतो, वयस्कर माणसाला ते रोज जमणं अवघड. दंडाचंच घ्या.

मशीन दोन-अडीच हजारांच्या आसपास, मोठ्या पट्ट्यासकट. बटण दाबलं की पट्टा फुगतो, मग हवा सुटताना धमनीच्या ठोक्यांनी पट्ट्यात जी कंपनं होतात त्यावरून ते वरचं-खालचं काढतं. डॉक्टर स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात तशी ही पद्धत नाही, म्हणून मध्येच बोललं किंवा हात हलवला की एरर तरी येतो नाहीतर आकडा वाढतो. ठोके अनियमित पडत असतील तर अशा मशीनवर कितपत भरवसा ठेवायचा ते डॉक्टरांनाच विचारा.

मोजायची पद्धत घरी सगळ्यांनी पाळलीच पाहिजे. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, मांडी नाही आणि पायावर पाय तर नाहीच, हात टेबलावर उशी ठेवून छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर कोपराच्या दोन-तीन सेंमी वर, आणि मोजताना टीव्ही बंद, गप्पा बंद. सकाळी गोळी आणि नाष्ट्याच्या आधी, आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. सात दिवसांनी पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत 135/85 च्या खाली हवं, दवाखान्यातली हद्द 140/90 असते, हा फरक लक्षात ठेवा. आईची सरासरी 132/80 आली आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

मिठाचं मात्र डॉक्टरांनी चांगलंच बजावलं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, चटणी, फरसाण, बेकरीचं सगळं आलं. सैंधव वापरलं की बीपीला चालतं असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, तसं काही नाही, तेही मीठच आहे. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नका.

आता खटकलेलं. स्क्रीनला लाइट नाही, पहाटे आईला आकडे दिसत नाहीत. अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठी नाही, म्हणून मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मशीनच्या डब्यात ठेवलंय, त्यात हेही की आकडा 180/120 च्या वर गेला तर पाच मिनिटं थांबून परत मोजायचं, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं असलं काही असेल तर परत मोजत बसायचं नाही, लगेच 108 लावायचा.

दुकानाला जाताना गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर शिक्का त्यांनी न मागता मारून दिला, आणि वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा असं आईला दोनदा सांगितलं.