टाकीच्या झाकणाखालची पिशवी

आमच्या गल्लीतल्या लेथवाल्या काकांनी पिस्टन व्हर्निअरमध्ये, म्हणजे जाडी मोजायच्या मापात, धरला आणि म्हणाले, "साडेबावन्न." स्कूटरच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर तक्ता असतो, त्यात छापलं होतं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. म्हणजे सहा हजार दोनशे रुपये घेऊन गॅरेजवाल्यानं "तुमचा जुना" म्हणून दिलेला हा पिस्टन माझ्या सिलिंडरमध्ये शिरलाच नसता. काका एवढंच म्हणाले, "हा सव्वाशे सीसीचा दिसतोय."

माझी ११० सीसीची स्कूटर २०१५ सालची, कार्बोरेटरवाली. सातारा ते कोरेगाव शाळेत जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर पडतात. गेल्या जुलैत तिनं एक खोड काढली. घरून निघताना झकास, आणि माहुलीच्या पुलाच्या आसपास आचके देत बंद. सेल्फ मारला तरी नाही, किक मारली तरी नाही. पावसात रेनकोट घालून दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं की आपोआप चालू. पुन्हा चार-पाच किलोमीटर, पुन्हा तेच. टाकी फुल असेल त्या दिवशी तर जास्तच. हे शेवटचं मला तेव्हा जाणवलं होतं, पण वेड्यासारखं वाटेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. बोलायला हवं होतं.

शाळेतल्या एकानं सुचवलेल्या गॅरेजात सकाळी गाडी लावली. मालकानं सीट उचलली, टाकीत डोकावला, झाकण लावलं, गाडी चालू करून रेस केली. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. "बघितलं का मॅडम? रिंगा गेल्यात. कॉम्प्रेशनच न्हाई. इंजिनचं काम निघालंय." रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या. बोअर-पिस्टन, म्हणजे सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही, बदलावे लागतील म्हणाला. मी घाबरले. महिन्याची वीस तारीख होती.

आता कळतं की पावसाळ्यात थंड गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी वाफ होऊन निघतं. तो धूर पांढरा, पातळ असतो आणि थोड्या वेळात थांबतो. रिंगा गेलेल्या इंजिनाचा धूर निळसर असतो, जळक्या ऑइलचा वास येतो आणि गाडी तापली तरी तो थांबत नाही. शिवाय इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइल कमी होणारच. माझ्या गाडीची ऑइलची पातळी दाखवणारी कांडी त्याच्यासमोर काढून बघितली असती तर बोलणं तिथंच संपलं असतं. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, चार मिनिटं चालू ठेवायची, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, कांडी पुसून परत आत टाकायची. माझ्या स्कूटरला ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे फिरवून बघितलं तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. हे सगळं त्याच पुस्तिकेत होतं, आणि पुस्तिका डिकीत, प्लॅस्टिकमधून कधी न काढलेली.

मी स्वतःला हुशार समजत होते ती एका गोष्टीत. "जुना पार्ट मला परत द्या," असं बजावलं होतं. सगळे तेच सांगतात ना. संध्याकाळी त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काळा पडलेला, एका बाजूनं ओरखडे असलेला पिस्टन मोठ्या अदबीनं हातात ठेवला. असे पिस्टन गॅरेजच्या कोपऱ्यात ढिगानं पडलेले असतात, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. बिल म्हणून एक चिठ्ठी: "इंजिन काम ६२००". ना गॅरेजचं नाव, ना गाडीचा नंबर, ना पार्टचं नाव.

गाडी खरंच छान चालू लागली. दोन आठवडे कुठं अडली नाही. मी तर स्टाफरूममध्ये त्या गॅरेजची तारीफ केली, ते आठवलं की अजून लाज वाटते.

मग पगार झाला, टाकी फुल केली, आणि पेट्रोल भरताना लक्षात आलं की झाकणाखालची पिशवी नाही. ही पिशवी आमच्या घरची अक्कल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, पावसाचं पाणी टाकीत गेलं तर गाडी गेलीच, असं ऐकून आमच्या ह्यांनी जूनमध्ये झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून घट्ट बसवला होता. गॅरेजमध्ये पडली असेल म्हणून मी नवी घातली, तीही दुहेरी. दुसऱ्या दिवशी माहुलीच्या पुलाअलीकडे गाडी बंद.

तिथं एक पंक्चरवाले आजोबा बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कधी बंद पडते, किती वेळानं चालू होते, टाकी किती भरलेली असते, एवढंच विचारलं. मग सीट उचलून झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. किक मारली, गाडी चालू. "ताई, हिला श्वास घ्यायला जागा कुठं ठेवलीया तुम्ही?"

त्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. पेट्रोल खाली उतरतं तशी तेवढी हवा वरून आत जायला हवी. ती वाट बुजली की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकी फुल असेल तर वर हवेला जागाच थोडी, म्हणून गाडी लवकर बंद पडते. थांबलं की फटीतून हळूहळू हवा शिरते आणि गाडी चालू. पिशवीच लागते असं नाही, चिखलानं किंवा गंजानंही ते छिद्र बुजतं. असं झालं की बंद पडल्याबरोबर झाकण सैल करून बघायचं. लगेच चालू झाली तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

मग आजोबांनी इंजिन बघितलं. पंख्याच्या बाजूनं सिलिंडरभोवती प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते काढल्याशिवाय बोअरपर्यंत पोचता येत नाही. त्याचे स्क्रू गंजलेले होते आणि त्यांवर चिखलाचा जुना थर तसाच होता. "हे कुणी खोललेलंच न्हाई." मला आठवलं, नवीन बोअर घातल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवायला सांगतात, मग ऑइल बदलायला बोलावतात. मला त्यातलं कुणी काही बोललं नव्हतं.

म्हणजे त्या माणसानं पहिल्याच मिनिटाला टाकीत डोकावून पिशवी बघितली होती आणि काढून फेकली होती. तिथंच गाडी दुरुस्त झाली. उरलेला दिवस ती नुसती उभी होती. न समजून चुकीचं काम केलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

लेथवाल्या काकांकडून पिस्टन मोजून घेतला आणि तो आणि पुस्तिका घेऊन त्या गॅरेजात गेले. मालक म्हणाला, "पोरानं चुकून दुसऱ्याचा बांधला असंल." मग माझा दाखवा म्हटलं. तो सापडेना. इंजिन उघडून नवा पिस्टन दाखवा म्हटलं, तर म्हणतो, "दाखवतो की, पण खोलायची मजुरी लागंल." आवाज वाढला, दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली, तेव्हा दोन हजार काढून दिले. बाकीचे गेले. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर माहीत होता, पण हातात पुरावा काय, तर ती चिठ्ठी. आता काम सुरू व्हायच्या आधी मी गाडीचा नंबर, किलोमीटर आणि काय बदलणार ते लिहून घेते. लिहून देत नसेल तर गाडी ढकलत परत आणते, एकदा आणलीही.

आणखी एक करते, हसलात तरी चालेल. आवरणाच्या स्क्रूंवर आणि गिअर ऑइलच्या बोल्टवर लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवते. स्कूटरला इंजिन ऑइल वेगळं आणि मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं. गिअर ऑइलचे पैसे बिलात लावायचे आणि बोल्टला पान्हाही लावायचा नाही, हे सर्रास चालतं, कारण ते जेमतेम शंभर मिली, बघणार कोण? बोल्ट फिरला की ठिपका तुटतो.

परवा गाडीचा पट्टा (बेल्ट) बदलायला दुसऱ्या गॅरेजात गेले. "मॅडम, हे लाल काय लावलंय?" पोरानं विचारलं. खूण आहे म्हटलं. तो हसला, मग जुना पट्टा नव्याशेजारी धरून दोन्हींवरचे नंबर मला वाचायला लावले. चष्मा घरी राहिला होता, म्हणून फोटो काढून, मोठा करून वाचले.