बिएर्तान, विस्क्री की प्रेज्मेर? ट्रान्सिल्व्हानियातलं एकच चर्च बघायचं असेल तर

रोमानियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी ड्रॅक्युलाच्या नावाखाली ब्रान किल्ला बघतात, ब्राशोवच्या चौकात कॉफी पितात आणि बुखारेस्टला परततात. जानेवारी 2025 पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आल्यामुळे युरोपच्या सहलीला हा देश जोडणं सोपं झालंय. हाताशी आणखी एखादा दिवस असेल, तर तो तिथल्या ट्रान्सिल्व्हानिया प्रांतातल्या तटबंदीच्या चर्चना द्यावा असं मी आग्रहाने सांगेन. अशी दीडशेच्या वर चर्च आजही उभी आहेत. प्रश्न येतो तो निवडीचा, आणि बहुतेकांची यादी या तीन गावांवर येऊन थांबते. तिन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत: बिएर्तान 1993 पासून, बाकीची दोन 1999 पासून.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय चर्चला तट कशाला हे कळत नाही. बाराव्या शतकाच्या मध्यात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने राज्याची पूर्व सीमा राखायला ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या खोऱ्यांतून जर्मन शेतकरी आणि कारागीर आणून वसवले. हेच ट्रान्सिल्व्हानियाचे सॅक्सन. 1224 मध्ये तेव्हाच्या राजाकडून त्यांना स्वशासनाची सनद मिळाली. पण 1241 मध्ये मंगोल आले, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तुर्कांच्या धाडी सुरू झाल्या. शहरांना स्वतःचे कोट होते. खेड्यांकडे दगडी इमारत एकच, ती म्हणजे चर्च. मग गावांनी चर्चभोवतीच तट बांधला, बुरूज चढवले, आत धान्य साठवलं.

ही सगळी चर्च मुळात कॅथलिक. ब्राशोवच्या योहान्नेस होन्टेरुसने 1542-43 च्या सुमारास धर्मसुधारणेला सुरुवात केली आणि 1550 मध्ये सॅक्सन समाजाने एकत्रितपणे लुथरन पंथ, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरचा प्रोटेस्टंट पंथ, स्वीकारला. इमारती त्याच राहिल्या, वापर बदलला. प्रवचन हा उपासनेचा गाभा झाला, म्हणून व्यासपीठाला महत्त्व आलं आणि लोकांना बसायला बाकं आली. भिंतींवरची जुनी चित्रं बऱ्याच ठिकाणी चुन्याखाली गेली. वेदीमागची चित्रं मात्र अनेक ठिकाणी वाचली, कारण मूर्ती आणि चित्रं सरसकट फोडून टाकावीत असं लुथरचं म्हणणं नव्हतं. चित्रं पूजेला नकोत, शिकवायला चालतील, अशी ती भूमिका.

वास्तुकलेसाठी जाणार असाल तर फार विचार करू नका, बिएर्तान. टेकडीवरचं हे उत्तरकालीन गॉथिक (टोकदार कमानींच्या शैलीतलं) चर्च पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत बांधलं गेलं, म्हणजे पंथ बदलण्याच्या जेमतेम पिढीभर आधी. मधला आणि बाजूचे भाग सारख्याच उंचीचे, त्यामुळे आत शिरल्यावर एकच मोठं दालन वाटतं. वर कमानींच्या बारीक फासळ्यांचं जाळं. वेदीमागे 28 चित्रफलकांची भव्य रचना आहे, तिच्यासाठी निवांत अर्धा तास ठेवा. कोरीव दगडी व्यासपीठ आहे. आणि ज्यासाठी सगळे थांबतात तो सामानघराचा दरवाजा, 1515 सालचा. पुढून बघितलं तर लाकडात जडवकाम केलेलं सुबक दार. मागून बघितलं तर चारही कडांना सरकणारे डझनाहून अधिक अडसर, आणि ते हलवणारी यंत्रणा एका किल्लीची. धाड आली की गावातल्या मौल्यवान वस्तू या खोलीत जात. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात हे कुलूप मांडलं होतं.

एवढ्याशा गावात इतकं मोठं चर्च कसं? बाजारपेठेचा दर्जा मिळवण्यासाठी बिएर्तानची शेजारच्या मेदियाशशी चढाओढ होती. व्यापारात मेदियाश पुढे गेलं, पण 1572 मध्ये बिएर्तानचे धर्मगुरू लुकास उंगलेरुस बिशप झाले आणि त्यांनी गाव सोडलं नाही. पुढे 1867 पर्यंत लुथरन बिशपचं पीठ इथेच होतं. बिशपांच्या कोरीव समाधीशिळा तटातल्या एका बुरुजात लावलेल्या आहेत. दुसऱ्या एका बुरुजात पंथ न बदललेल्या गावकऱ्यांसाठी कॅथलिक प्रार्थनास्थळ ठेवलं होतं, आणि तिथे जुनी भित्तिचित्रं टिकून आहेत. मला हा बुरूज दरवाज्यापेक्षाही बोलका वाटतो. घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला एक पलंग, एक ताट, एक चमचा देऊन कोंडायची खोलीही दाखवतात. तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असं गाइड हमखास सांगतो. ऐकायला गोड आहे, पण मनावर घेऊ नका.

प्रेज्मेर अगदी वेगळं. हे टेकडीवर नाही, सपाट माळावर आहे, म्हणून सगळी भिस्त तटावर. सुमारे 12 मीटर उंच, काही मीटर जाडीची गोलाकार भिंत, आणि तिला आतून चिकटलेल्या जवळपास 270 खोल्या, मजल्यावर मजले. समोर लाकडी सज्जे, अरुंद जिने, ओळीने दारं, दारांवर क्रमांक. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे दृश्य अजिबात परकं वाटणार नाही. प्रत्येक कुटुंबाची खोली ठरलेली, वेढा पडला की बिऱ्हाड आत. एका खोलीत शाळाही भरायची. इतिहासात या गावावर पुष्कळ हल्ले झाले, पण 1611 मध्ये ट्रान्सिल्व्हानियाचा राजा गाब्रिएल बाथोरीने ते घेतल्याचा प्रसंग तेवढा अपवाद म्हणून सांगतात. मधलं चर्च तेराव्या शतकातलं. ट्यूटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या, काळात त्याची सुरुवात झाली, पुढे ते सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या साधूंकडे आलं. मूळ आराखडा समान भुजांच्या क्रुसाचा आहे. पंधराव्या शतकातलं वेदीचित्रही पाहण्यासारखं आहे, पण खरं सांगायचं तर इथे माणूस चर्चपेक्षा तटातच जास्त रमतो. मुलं बरोबर असतील तर हेच निवडा.

आता विस्क्री. ब्रिटनचे आताचे राजे चार्ल्स यांनी 2006 मध्ये इथे एक घर घेतलं, तेव्हापासून सगळ्यांच्या यादीत हे नाव सर्वांत वर असतं. नुसतं चर्च बघायचं असेल तर तिघांत हे सर्वांत साधं आहे, आणि एवढी वाट वाकडी करून तासाभरात परतणाऱ्यांची निराशा होते ती त्यामुळेच. बाराव्या शतकातल्या छोट्या रोमनेस्क (गॉथिकच्या आधीच्या शैलीतल्या) प्रार्थनागृहाभोवती ते वाढत गेलं. 1500 नंतर तट आणि बुरूज आले, बाहेरचं कडं अठराव्या शतकातलं. आत रंगवलेल्या लाकडी सज्जांवर फुलं-पानं, कमी उंचीचं छत, आणि वेदीवर मुलांना आशीर्वाद देणाऱ्या येशूचं एकोणिसाव्या शतकातलं चित्र. इथलं आकर्षण म्हणजे तटातलं ग्रामजीवनाचं छोटं संग्रहालय आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीचा बुरूज. तिथे प्रत्येक घराची चरबी खूण करून टांगलेली असायची, आणि ठरलेल्या दिवशी बुरूज उघडला की आपापला तुकडा कापून न्यायचा. बाकी सगळं गावात आहे: रंगीत घरांची सरळ रांग, संध्याकाळी परतणारी गुरं, लोकरीचे मोजे विणून विकणाऱ्या बायका. म्हणून विस्क्रीला जायचं तर मुक्कामालाच जा. शाकाहारी असाल तर घरमालकिणीला आधी सांगून ठेवा. वांगी आणि ढोबळ्या मिरचीची झाकुस्का पावाला लावून झकास लागते, पण सूपमध्ये मांसाचा तुकडा सहज सापडतो.

एक गोष्ट तिन्हीकडे जाणवेल. ही गावं ज्यांनी बांधली ते लोक आता तिथे जवळजवळ नाहीत. 1945 च्या जानेवारीत हजारो सॅक्सनांना सोव्हिएत श्रमछावण्यांत नेलं. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनी पैसे मोजून त्यांना बाहेर काढत होता, आणि 1990 नंतर उरलेले बहुतेक निघून गेले. त्यामुळे अनेक चर्चमध्ये नियमित उपासना होत नाही. बिएर्तानला सप्टेंबरमध्ये सॅक्सनांचा वार्षिक मेळावा अनेक वर्षं भरत असे. 

व्यवहाराचं सांगायचं तर प्रेज्मेर ब्राशोवपासून वीस किलोमीटरच्याही आत आहे, गाडी नसली तरी अर्ध्या दिवसात होतं. गुडघे दुखणारे ज्येष्ठ बरोबर असतील तर तळमजला आणि चर्च आरामात बघता येतात, वरचे सज्जे सोडून द्यावे लागतील. बिएर्तान सिगिशोआराहून तासाभराच्या आत, पण टेकडीवर छप्पर घातलेला लाकडी जिना चढावा लागतो. विस्क्री ब्राशोव-सिगिशोआरा हमरस्त्यापासून आत आहे, स्वतःची गाडी असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. हिवाळ्यात तिन्हीकडच्या वेळा आखडतात, निघण्याआधी चौकशी करा.

दोन दिवस आणि गाडी असेल, तर सकाळी प्रेज्मेर, रात्री विस्क्री, दुसऱ्या दिवशी बिएर्तान असा क्रम लावा. एका दिवसात तिन्ही उरकायची सहल विकणारे भेटतील. त्यात बिएर्तानला शेवटी जेमतेम पाऊण तास मिळतो. त्यापेक्षा विस्क्री गाळा.